अरुणच्या लॅपटॉपवर चालत नाही

मिलिंद,

हे मी तुला तू असताना सांगायला हवं होतं. इतकी वर्षं टाळत आलो, आणि टाळण्यासाठी मला कधी फार कष्ट पडले नाहीत. कधी तुझा दमा, कधी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी सणावाराची धावपळ. निमित्तं आपली आपण चालत येत. तू विचारशील तेव्हा सांगून टाकू, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. आपल्या निवृत्तांच्या अंकात तुझ्यावर कोणीतरी लिहायला हवं, असं ठरलं तेव्हा नलिनीने परस्पर माझं नाव दिलं. म्हणाली, "तूच लिही. तुझ्याएवढं त्याला कोण ओळखतं?" मी हो म्हणालो. तुझी नोकरी, तुझ्या बढत्या, युनियनमधलं तुझं काम हे सगळं अंक वाचणाऱ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच की शेवटची काही वर्षं तू आपल्या शनिवारच्या खेळात का नव्हतास. नलिनीला वाटतं, तुझे डोळे थकले. अरुणला वाटतं, तुझा रस संपला. दोघांनाही तसं मी सांगितलं होतं.

खेळ कसला, हे बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. तू असतास तर मला मधेच थांबवून नीट सांगितलं असतंस.

अरुणच्या मेव्हण्याने परदेशातून एक खोका आणला होता. त्यात इंग्रजी नियमांचं पुस्तक आणि चित्रविचित्र फासे, एकाला तर वीस बाजू. कँटीनमध्ये आपण चौघांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि कुणालाच काही कळलं नाही. तू पुस्तक घरी नेलंस. परत आणलंस तेव्हा म्हणालास, "राक्षस आहेत, किल्ले आहेत, जादूगार आहेत. ते आपल्या कामाचं नाही. पण नियम चांगला आहे."

"कुठला?"

"एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून मधे बोलायचं. आपल्याकडे सांगणाऱ्याच्या मधे कोण बोलू देतं?"

राक्षसांच्या जागी तू समुद्र आणलास. बेटं, बंदरं, जकात गोळा करणारे, मिठागरांचे मालक. आम्ही एका गलबतावरचे खलाशी. प्रत्येकाने आपला माणूस घडवायचा, तो काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. परळच्या गिरणीकामगाराचा मुलगा तू, तुझ्या सात पिढ्यांत कोणी होडीत बसलं नव्हतं. म्हणून एका रविवारी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन दिवसभर बसलास, दोर कसा बांधतात, शीड कधी उतरवतात ते विचारत. सोमवारी ऑफिसात आलास तो बोंबलांचा वास घेऊन. नलिनी म्हणाली, "मिलिंद, तू विचारायला गेला होतास की वाळत पडायला?"

शनिवारी अर्धा दिवस असे. ऑफिस सुटलं की चौघं गिरगावात माझ्या घरी. जेवणाचं टेबल रिकामं करायचं, तुझा आलेख कागदावरचा नकाशा पसरायचा, आणि तू सुरू करायचास. आवाज चढवत नसस. उलट महत्त्वाचं काही यायचं असलं की आवाज खाली जायचा आणि आम्ही तिघं आपोआप पुढे वाकायचो. अरुणचा फासा नेहमी वाईट पडे. लालबागचा माणूस, एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण फासा एकवर थांबला की तोंडातून मालवणी निघायची, "माका म्हायत होता!" माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "बुडाली का गं नलू होडी?"

आपले काही रिवाज होते. कोणी आला नाही तर त्याचा माणूस होडीत झोपलेला धरायचा. त्याला कोणी उठवायचं नाही, त्याच्यावर फासा टाकायचा नाही, त्याच्यावाचून मोठं काही ठरवायचं नाही. हा तुझा रिवाज. दुसरा, ज्याच्या घरी टेबल त्यानेच सगळ्यांना बोलवायचं. सांगणारा तू होतास, पण बोलावणं माझ्याकडूनच जायचं. टेबल ज्याचं, हाक त्याची. आणि तिसरा आपण कधी शब्दांत ठरवला नाही, पण पाळला. नलिनीचा पाय मोडला तेव्हा तिला माझे जिने चढवेनात. पावसाळाभर आपण तिच्याकडे प्रभादेवीला खेळलो. तू म्हणालास, "जो येऊ शकत नाही त्याच्याकडे टेबल जातं." तू ते इतकं सहज म्हणालास की आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

तुझ्याकडे मात्र टेबल कधी गेलं नाही.

तू दरवर्षी एकदा तरी म्हणायचास, "एक शनिवार आमच्याकडे मांडू."

"तुझ्याकडे चार माणसं बसणार कुठे?"

"गॅलरीत. वारा असतो."

मी हसायचो. गिरगाव ते परळ अंतर ते काय. खरं कारण असं की तेव्हा माझी आई होती आणि मी कुठे जातो, कुठे खातो हे ती विचारायची. ते तुला मी कधी सांगितलं नाही. तुला ते सांगायची गरजही नव्हती. पुढे आई गेली. त्यानंतरही मी तुझ्याकडे आलो नाही. आईची सवय माझ्या नावावर झाली आणि मी ती मोडली नाही.

आता तो शनिवार. तुला आठवत असेल की नाही, माहीत नाही. सगळे निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मी म्हटलं, एकदा मी सांगतो, तू खेळ. तुला आनंद झाला. लगेच उठून मला तुझी खुर्ची दिलीस. मी महिनाभर तयारी केली होती. बेटाचा इतिहास, राजांची नावं, व्यापाराचे रस्ते. तासाभरात नलिनी जांभया द्यायला लागली. अरुण फाशांची उतरंड रचत बसला. चहा आला तेव्हा तू कप उचलत म्हणालास, "शरद, तू सांगत नाहीस रे. तू अहवाल वाचतोस."

"दोन प्रतींत!" अरुण म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. तू पुढे काहीतरी बोललास, बहुतेक कसं सुधारायचं ते. मला ते ऐकू आलं नाही. मी तुझ्या खुर्चीतून उठलो आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. त्या हसण्यात काही विष नव्हतं. विष मी घरचं घातलं, आणि ते बरीच वर्षं जपून ठेवलं.

मग सगळं बंद झालं. लॉकडाऊन लागला. त्याच सुमारास आमची गिरगावातली इमारत पुनर्बांधणीला गेली आणि मी दादरला भाड्याच्या फ्लॅटवर आलो. ते टेबल लिफ्टमध्ये मावलं नाही, म्हणून देऊन टाकलं. अरुण नाशिकला मुलाकडे गेला. माझ्या मुलीने मला एक टॅब पाठवला आणि म्हणाली, बाबा, तुमचा खेळ आता असाही खेळतात. तिने एक अ‍ॅप लावून दिलं.

ते अ‍ॅप तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. पडद्यावर नकाशा. त्यावर सगळीकडे धुकं. आपला माणूस पुढे सरकला की तेवढंच धुकं विरतं आणि खालचा रस्ता दिसतो. हातात कंदील दिला तर त्याच्याभोवती पिवळा उजेड पडतो. फासा पडद्यावरच गडगडतो. मी दोन दिवस एकटाच ते खेळत बसलो. मला जे शब्दांत जमत नव्हतं ते सगळं हे अ‍ॅप माझ्या वतीने करत होतं. मी ठरवलं, आता मी सांगणार.

ते एकाच कंपनीच्या टॅबवर नाहीतर लॅपटॉपवर चालायचं. माझ्याकडे टॅब होता, नलिनीला भाच्याने तसलाच दिला होता, अरुणकडे मुलाचा जुना लॅपटॉप. तुझ्याकडे फक्त तुझा फोन. तुझा फोन आला तो दिवस मला आठवतो.

"अरे, माझ्याकडे नुसता काळा पडदा येतो."

"ते फोनवर चालतच नाही."

"मग मी कसा येऊ?"

"तू आवाजावर ये. मी फोन स्पीकरवर ठेवतो."

एवढं होईपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. फोनवर ते खरंच चालत नव्हतं. पण चालत नाही म्हणून मला वाईटही वाटलं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

तू आलास. गलबताचा म्हातारा तांडेल झालास. आयुष्यभर सांगत आलेला माणूस आता माझ्या टॅबशेजारी पालथ्या वाटीवर टेकवलेल्या फोनमधून बोलायचा. आम्हा तिघांना नकाशा दिसायचा, तुला नाही. तू परळला कागद-पेन्सिल घेऊन बसायचास आणि विचारायचास, "वळण डावीकडे की उजवीकडे? खडक पाण्याच्या वर आहेत की खाली? वास कसला येतोय?" वासाचं त्या अ‍ॅपमध्ये काही नव्हतं. मला सुचेल ते सांगावं लागायचं. तू कागदावर नकाशा काढत जायचास.

एका शनिवारी नलिनी म्हणाली, "शरद, मी ते चित्र बंद केलंय. तू मिलिंदला सांगतोस ना, तेच ऐकायला बरं वाटतं. चांगलं सांगायला लागलायस की रे."

मिलिंद, दुसऱ्या कोणाला हे ऐकून आनंद झाला असता. मला वाटलं, हा तिथे बसूनही खेळ आपल्या हातात घेतोय. त्या दिवसापासून मी फोनचा आवाज कमी करायला लागलो. आधी थोडा, मग जास्त. तुझे प्रश्न ऐकू येईनासे झाले. तू "हॅलो, हॅलो" करायचास. मी म्हणायचो, "नेटवर्क खराब आहे."

आणि मग तू ती लिंक पाठवलीस.

तुझा संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. "शरद, हे बघ, शोधून काढलं. साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. फोन, टॅब, लॅपटॉप, सगळ्यांवर चालतं. काही उतरवून घ्यावं लागत नाही. धुकं-बिकं नाही, नकाशा साधा आहे, पण चौघांना एकच दिसेल. मी आपली एक खोली उघडून ठेवलीय. टेबल तुझं, तेव्हा हाक तू दे."

तू ती लिंक सरळ सगळ्यांना पाठवू शकला असतास. नलिनीचा नंबर होता, अरुणचा होता. पाठवली नाहीस, कारण टेबल ज्याचं हाक त्याची. गिरगावातलं ते टेबल कुठल्या भंगारात गेलं होतं देव जाणे, तरी तू रिवाज पाळलास.

मी माझ्या टॅबवर ती उघडली. लगेच उघडली. पडद्यावर तू काढलेला समुद्र होता, बोटाने काढलेला, किनारे थोडे थरथरलेले. चार रंगांचे चार ठिपके, त्यांवर आपली चौघांची नावं. खेळ सांगणाऱ्याच्या जागी तू कोणाचंच नाव लिहिलं नव्हतंस. म्हणजे तुला तुझी खुर्ची परतही नको होती. तुला नुसतं आत यायचं होतं. हे मला आज समजतं असं नाही, तेव्हाही समजलं होतं.

त्याच आठवड्यात अरुण डॉक्टरकडे दाखवायला मुंबईत आला आणि माझ्याकडे उतरला. लॅपटॉप बरोबर होता. तो आंघोळीला गेला असताना मी तुझी लिंक त्यावर उघडली. जुनं मशीन, पंखा घरघरायचा. तेवढ्याशा घरघरीनंतर तुझा समुद्र तिथेही आला. चार ठिपके. सगळं ठीक. मी ते बंद केलं आणि तुला लिहिलं, "अरुणच्या लॅपटॉपवर चालत नाही."

तुझा लगेच फोन.

"काय येतं पडद्यावर?"

"काहीच येत नाही. जुनं मशीन आहे ते."

"दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलंस?"

"बघितलं."

"मी बोलू का अरुणशी? एखादं सेटिंग असेल."

"नको. त्याला आधीच त्या लॅपटॉपची लाज वाटते. मुलाने टाकून दिलेला आहे ना. उगाच विषय काढू नकोस."

मागे कुंदावहिनींच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालास, "बरं. मग राहू दे. माझ्या एकट्यासाठी त्याला बाहेर बसवायला नको. तुम्ही खेळा रे. माझा तांडेल होडीत झोपतो."

मी दुसरं कुठलंही खोटं बोललो असतो तर तू वाद घातला असतास. उपाय शोधला असतास, परळहून चालत माझ्याकडे आला असतास. मला तुझा स्वभाव माहीत होता. कोणी एक बाहेर राहतोय म्हटल्यावर तू स्वतः उठून जाणार, हे मला माहीत होतं. मी बरोबर तेवढंच वापरलं.

नलिनीला मी सांगितलं की तुझे डोळे थकलेत, तुला पडद्याचा त्रास होतो. ती म्हणाली, "त्याचे डोळे? मेला रस्त्यापलीकडून माझ्या साडीवरचा डाग ओळखतो!" मी म्हटलं, विचारू नकोस, त्याला आवडत नाही. काही शनिवार ती खेळ सुरू करताना विचारायची, "तांडेल उठला का?" तेही मला नको झालं. मी गोष्ट समुद्रावरून काढून डोंगरात नेली. घाट, जंगलं, वाळवंट. होडी मागे किनाऱ्यावर राहिली. रिवाजाप्रमाणे मी तुझ्या माणसाला हातही लावला नाही. फक्त तो जिथे होता तिथून सगळ्यांना लांब नेलं.

पुढे काय झालं तेही लिहितो, कारण तुला ते कळलं नाही. वर्षभरात ते अ‍ॅप बदललं आणि नलिनीच्या टॅबवर एक पाटी आली, तुमच्या उपकरणावर आता हे चालणार नाही. ती म्हणाली, "बघ ना दुसरं काहीतरी, सगळ्यांवर चालेल असं." तुझी लिंक माझ्या खिशात होती. मी म्हटलं, बघतो. ती लिंक बाहेर काढली असती तर अरुणच्या लॅपटॉपवर ती कशी उघडली ते तुला सांगावं लागलं असतं. मी काही बघितलं नाही. खेळ बंद पडला. तुला एकट्याला बाहेर ठेवण्यासाठी उभं केलेलं कुंपण शेवटी चौघांच्या भोवती आलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आपण हिंदमाताला भेटलो, साड्यांच्या दुकानाबाहेर. वहिनी आत होत्या, तू पिशव्या सांभाळत पायरीवर बसला होतास. मला पाहून उठलास. धाप लागली होती तरी उठलास. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालास, "काय म्हणतोय अरुणचा लॅपटॉप?"

"तसाच आहे."

"चिवट आहे." तू माझ्याकडे बघत होतास. "सुधारला तर सांग."

मी सांगतो म्हणालो आणि बसची घाई असल्यासारखा निघालो.

नंतर तुझं ते हॉस्पिटल. दादरहून टॅक्सीत बसलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. काय बोलायचं ते वाक्य घोकत होतो. तू मास्क बाजूला केलास. तुझ्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तू विचारलंस, "होडी कुठाय?"

"किनाऱ्याला. बांधलेली आहे."

"दोर सैल ठेवलायस ना? भरतीला घट्ट बांधला तर होडी उलटते."

"सैल आहे."

"मग ठीक." तू मास्क पुन्हा लावलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. बराच वेळ. आता मला कळतं की तू वाट बघत होतास. मी तुझ्या उशाची चादर नीट केली. नर्स म्हणाली, काका, वेळ संपली. मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. गुडघा दुखत होता. गुडघा रोजच दुखतो.

जलदान विधीला मी तुझ्याकडे आलो. पहिल्यांदा. जिना मला वाटत होता तेवढा उंच नाही. बुद्धमूर्तीपुढे तुझा फोटो होता, पांढऱ्या साडीत वहिनी. त्या म्हणाल्या, "या भावोजी. आलात." एवढंच. 'आता आलात' म्हणायचा त्यांना अधिकार होता, त्या म्हणाल्या नाहीत. वंदना झाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चार काय, सहा माणसं बसली असती. वाराही होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. "त्या खेळाचं यांनी फार मनाला लावून घेतलं होतं, भावोजी. शनिवार दुपार झाली की कागद काढून बसायचे. मी म्हटलं, पोरीला सांगू, नवा फोन घेऊन देईल. तर म्हणाले, माझ्या फोनचा प्रश्न नाही, अरुणचं मशीन चालत नाही."

मी कप धरून उभा होतो.

"अरुणभावोजींना एक सांगाल? यांचा त्यांच्यावर राग नव्हता. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मला फोनवर नीट बोलता येणार नाही. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "सांगतो." तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या बायकोला.

अरुणला येणं जमलं नव्हतं. त्याने संध्याकाळी नाशिकहून फोन केला. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलतो. रडत होता. मधेच म्हणाला, "शरद, एक विचारायचं होतं. आपला खेळ बंद पडला त्या दिवाळीत मिलिंदचा फोन आला होता. म्हणाला, लॅपटॉपचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं, कुठला लॅपटॉप? माझा लॅपटॉप तर झकास चालतो. मग म्हणाला, जाऊ दे, माझाच घोटाळा झाला. काय होतं रे ते?"

ती दिवाळी, हिंदमाताच्या आधीची.

म्हणजे पिशव्या घेऊन पायरीवरून उठलास तेव्हा तुला माहीत होतं. 'सुधारला तर सांग' म्हणालास तेव्हा माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये माहीत होतं. वहिनींना तू काही सांगितलं नाहीस. त्यांनी मला चहा द्यावा, भावोजी म्हणावं, म्हणून सांगितलं नसशील. अरुणला 'माझाच घोटाळा' म्हणालास. मला दोनदा दार उघडून दिलंस आणि मी दोन्ही वेळा आत आलो नाही.

काल अरुणला सगळं सांगितलं. तो हळू आवाजात, अरुण कधी हळू बोलत नाही, म्हणाला, "ह्या कित्याक केलंस रे शरद?" त्याने फोन ठेवला. आज मी दोनदा लावला, त्याने उचलला नाही. नलिनीला हा मजकूर आज जाईल. छापायचा की नाही ते तिने ठरवावं. त्याआधी मी तो घेऊन परळला जाणार आहे आणि वहिनींसमोर बसून वाचणार आहे. त्यानंतर त्या मला काय म्हणतील ते म्हणोत.

माणूस गेल्यावर त्याचे आभार मानायला हवेत, असं लोक लिहितात. मला मानायचे आहेत. तुझ्यामुळे मी आयुष्यातले कितीतरी शनिवार समुद्रावर होतो. माझं सांगणं थोडं सुधारलं असेल तर ते तू न दिसणारा नकाशा विचारत राहिलास म्हणून. पण आभार मानायला मला आधी दुसरं काही बोलावं लागेल. टॅक्सीत मी जे घोकत आलो होतो आणि तुझी चादर नीट करताना गिळलं, ते इतकंच होतं.

मिलिंद, अरुणच्या लॅपटॉपवर ते चालत होतं. मी स्वतः उघडून बघितलं आणि बंद केलं. मला तुझ्या खुर्चीत बसायचं होतं, म्हणून मी तुला बाहेर ठेवलं. माझं चुकलं. मला माफ कर.